दोन मोटरी, दोन नियम आणि नेरुळची एक पंपरूम

नेरुळमधल्या एका सात मजली सोसायटीत खालच्या टाकीतून वरच्या टाकीत पाणी चढवायला साडेसात हॉर्सपॉवरच्या दोन मोटरी आहेत. महापालिकेचं मोरबे धरणाचं पाणी ठरलेल्या वेळी खालच्या टाकीत पडतं, आणि वरच्या टाकीतला फ्लोट खाली गेला की मोटर लागते. एका वेळी एकच मोटर चालवायची, दुसरी राखीव. दोन्ही एकदम लावायच्या नाहीत, कारण मंजूर लोड आणि जनरेटर या दोन्हींचा हिशेब एकाच मोटरीवर केलेला आहे. वर चढणारा पाइपही एकच आहे.

जुनं पॅनल रिले आणि कॉन्टॅक्टरचं, म्हणजे विजेने ओढल्या जाणाऱ्या स्विचांचं, होतं. पावसाळ्यात पंपरूममध्ये पाणी शिरलं आणि ते कामातून गेलं. सोसायटीने एका ठेकेदाराकडून नवीन बसवून घेतलं. त्यात प्रत्येक मोटरीला स्वतःचा छोटा कंट्रोलर आहे, आणि दोन्ही कंट्रोलरच्या मध्ये एक तार. तारेवरून निरोप एवढाच जातो: मी चालू आहे, किंवा मी बंद आहे. कल्पना चांगलीच होती. एक कंट्रोलर जळाला तरी दुसरा पाणी चढवेल, अख्खी सोसायटी एका कार्डावर अवलंबून राहणार नाही. बसवल्यावर चाचणी झाली, पाणी चढलं, बिल चुकतं झालं.

मी रबाळे एमआयडीसीत पॅनल बनवणाऱ्या एका युनिटमध्ये काम करते. ओळखीतून बोलावणं आलं तेव्हा तक्रार अशी होती की कधीकधी दोन्ही मोटरी एकदम लागतात, पाच सेकंदांत दोन्ही एकदम पडतात, परत पाच सेकंदांनी दोन्ही लागतात, आणि हे चालूच राहतं. खाली उतरले तर दाराबाहेरूनच ऐकू येत होतं. दोन कॉन्टॅक्टरचा मिळून एकच ठोका, मग मोटरींचा हुंकार, पुन्हा ठोका आणि शांतता. थेट लाइनवर सुरू होणारी मोटर सुरुवातीला नेहमीच्या सहापट करंट ओढू शकते. दर दहा सेकंदांनी तो झटका बसत राहिला तर वाइंडिंग तापणार आणि कॉन्टॅक्टरचे पॉइंट जळणार. म्हणजे प्रश्न नुसत्या कटकटीचा नव्हता.

वॉचमन काकांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या मी तिथल्या तिथे लिहून घेतल्या. "मॅडम, लाइट जाऊन आली की असं होतं. एरवी नाही होत." दुसरी गोष्ट त्यांच्या उपायाची. "एकीचा एमसीबी पाडायचा, थोडं थांबायचं आणि परत वर करायचा. मग गपगुमान एकच चालते." या दोन वाक्यांत अख्खं निदान होतं, फक्त ते नीट मांडायचं बाकी होतं.

कंट्रोलरमधला नियम साधा आहे. मोटरींना क आणि ख म्हणू. क ने चालू व्हावं, जर पाण्याची गरज असेल आणि ख बंद असेल. ख ने चालू व्हावं, जर पाण्याची गरज असेल आणि क बंद असेल. चालू म्हणजे 1, बंद म्हणजे 0. प्रत्येक घटकाची किंमत 0 किंवा 1, आणि प्रत्येकाची पुढची किंमत इतरांच्या आत्ताच्या किमतींवरून ठरवणारा एकेक नियम. अशा रचनेला बुलियन नेटवर्क म्हणतात. आपलं नेटवर्क दोनच घटकांचं आहे, त्यामुळे गरज असताना शक्य स्थिती चार: 00, 01, 10 आणि 11.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये याच दोन नियमांवरून वाद पेटला. ठेकेदाराच्या माणसाने लॅपटॉपवर प्रोग्रॅम चालवून दाखवला. कुठूनही सुरुवात करा, पहिल्याच फेरीत एक मोटर चालू आणि एक बंद होऊन सगळं स्थिर. त्याचं म्हणणं, लॉजिक शंभर टक्के बरोबर आहे, दोष वायरिंगचा किंवा व्होल्टेजचा. सी विंगमधली एक मुलगी बायोइन्फर्मॅटिक्समध्ये एम.एस्सी. करते, तिने तेच दोन नियम स्वतः लिहून चालवले होते. तिच्या पडद्यावर 00 नंतर 11, 11 नंतर 00, असं अखंड चालू होतं. ती म्हणाली, "काका, तुमच्या नियमातच ही उघडझाप आहे." सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. दोघांचे प्रोग्रॅम मी ओळ न् ओळ वाचले. दोन्हींत चूक नव्हती, आणि नियमही हुबेहूब तेच होते.

फरक होता तो किंमत कधी बदलायची यात. मुलीच्या प्रोग्रॅममध्ये आधी दोघांच्या जुन्या किमती बाजूला ठेवल्या जात, त्या जुन्या किमतींवरून दोघांच्या नव्या किमती काढल्या जात, आणि मग दोन्ही एकाच क्षणी बदलल्या जात. ही सिंक्रोनस पद्धत. तिच्यात असं घडतं:

00 → 11
11 → 00
01 → 01
10 → 10

दोन्ही बंद असतील तर दोघींनाही दुसरी बंद दिसते, म्हणून दोघी लागतात. दोन्ही चालू असतील तर दोघींना दुसरी चालू दिसते, म्हणून दोघी पडतात. सुरुवात सारखी झाली तर शेवटपर्यंत दोघींचं सारखंच राहणार, कारण नियम सारखे आणि बघण्याची वेळही सारखी. वेगळं व्हायला कारणच उरत नाही.

ठेकेदाराच्या प्रोग्रॅममध्ये आधी क ची ओळ होती. तिथे क ची किंमत लगेच बदलायची, आणि पुढच्या ओळीत ख चा हिशेब करताना ही बदललेली किंमत वापरली जायची. 00 पासून निघालं तर क आधी 1 होतो, मग ख ला क चालू दिसतो आणि ख 0 च राहतो. उत्तर 10, आणि तिथेच मुक्काम. 11 पासून निघालं तर क आधी 0 होतो, ख 1 राहतो, उत्तर 01. ही ठरलेल्या क्रमाची पद्धत. मोटर कंट्रोलच्या धंद्यातल्या लोकांना ती इतकी अंगवळणी पडलेली असते की हीसुद्धा एक निवड आहे हे जाणवत नाही. एकाच पीएलसीत, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या छोट्या औद्योगिक संगणकात, लॅडर प्रोग्रॅमच्या ओळी वरून खाली याच पद्धतीने चालतात.

तिसरी पद्धत असिंक्रोनस. कोणत्याही क्षणी एकाच घटकाने आपली किंमत तपासायची, पण तो कोणता हे आधी ठरलेलं नाही. 00 वरून आधी क ने पाहिलं तर 10, आधी ख ने पाहिलं तर 01. 11 वरूनही तसंच, जो आधी पाहील तो बंद होणार आणि दुसरा चालू राहणार. कोण जिंकेल ते सांगता येत नाही, पण उघडझाप चालत राहणार नाही हे नक्की. जुन्या रिले पॅनलमध्ये हेच होत होतं. क च्या कॉन्टॅक्टरचा एनसी पॉइंट (कॉन्टॅक्टर ओढला गेला की तुटणारा जोड) ख च्या कॉइलच्या वाटेत आणि ख चा क च्या वाटेत, म्हणजे नियम नेमका हाच. पण दोन कॉन्टॅक्टर सहसा एकाच मिलिसेकंदाला ओढले जात नाहीत. एकाची स्प्रिंग थोडी सैल असते, दुसऱ्याच्या गाभ्यावर थोडा गंज असतो. जो आधी ओढला जाई तो दुसऱ्याची वाट तोडून टाकी. बरोबरीची टक्कर झालीच तर क्षणभर फुरफुर व्हायची आणि एक जिंकायचा.

तिन्ही पद्धतींत एक गोष्ट बदलत नाही. 01 आणि 10 या स्थिती प्रत्येक पद्धतीत स्थिरच राहतात. कारण सरळ आहे. स्थिर स्थितीत प्रत्येक घटकाचा नियम त्याला 'आहेस तसा राहा' असंच सांगतो. मग त्यांना एकदम विचारा, ओळीने विचारा किंवा कसंही विचारा, कोणीच हलणार नाही. हे दोन घटकांना जितकं खरं तितकंच दोन हजारांना. चक्रांचं मात्र असं नाही. एखादं चक्र सिंक्रोनस पद्धतीत दिसलं, तर ते नियमांमुळे आहे की सगळ्यांनी एकाच ठोक्याला पाहण्यामुळे, हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही. आमच्या मोटरींची उघडझाप दुसऱ्या प्रकारची होती.

पण मग पंपरूममधले खरे कंट्रोलर यांतल्या कोणत्या पद्धतीने चालत होते? मला या प्रकरणात सगळ्यात मोलाचा वाटतो तो हाच भाग, कारण उत्तर कागदावरच्या नियमात नाही, घड्याळात आहे. प्रत्येक कंट्रोलर दर 5 सेकंदांनी एक फेरी करतो. फ्लोट पाहतो, दुसऱ्याचा शेवटचा निरोप पाहतो, निर्णय घेतो, निरोप पाठवतो. निरोप दुसरीकडे पोहोचून नोंदला जायला साधारण 200 मिलिसेकंद लागतात असं धरू. दोघांच्या फेऱ्यांमध्ये 200 मिलिसेकंदांहून जास्त अंतर असेल, तर मागून पाहणाऱ्याला पुढच्याचा नवा निरोप मिळालेला असतो, म्हणजे नेटवर्क असिंक्रोनस. अंतर त्याहून कमी असेल, तर दोघेही जुन्याच बातमीवर निर्णय घेतात, म्हणजे नेटवर्क सिंक्रोनस. तीच तार, तेच कार्ड, आणि वागणूक वेगळी.

फेऱ्या कशाही पडल्या, तर 5 सेकंदांच्या फेरीत धोक्याची पट्टी दोन्ही बाजूंनी मिळून 0.4 सेकंदाची, म्हणजे 8 टक्के. वीज जाऊन आली की हा हिशेब लागू होत नाही. दोन्ही कार्डांना एकाच क्षणी वीज मिळते, दोन्हींत एकच प्रोग्रॅम, सुरू व्हायला लागणारा वेळही सारखाच, त्यामुळे फेऱ्या जवळजवळ एकावर एक पडतात. त्यात लाइट नसताना वरची टाकी उपसली गेलेली, म्हणजे गरजही आहेच. उघडझाप सुरू न झाली तरच नवल. बसवताना चाचणीत ती दिसली नाही, कारण तेव्हा माणसाने आधी एका कंट्रोलरचा एमसीबी वर केला आणि मग हात पुढे नेऊन दुसऱ्याचा. त्या हात नेण्यात सेकंद-दोन सेकंद गेले आणि दोन फेऱ्यांची फारकत झाली. काकांच्या उपायातही हेच होतं. एकाला उशिरा जागं केलं की त्याला दुसरी मोटर आधीच चालू दिसते, आणि तो मुकाट राखीव राहतो.

सोडून दिलं तर आपोआप थांबलं असतं का? थांबलं असतं, पण कधी ते पाहा. दोन कार्डांच्या क्रिस्टलमध्ये, म्हणजे त्यांच्या घड्याळाला ठोका देणाऱ्या भागात, दशलक्षात 40 इतका फरक धरला, तर दर सेकंदाला 40 मायक्रोसेकंदांचं अंतर पडतं. 200 मिलिसेकंदांचं अंतर पडायला 5000 सेकंद, म्हणजे 80 मिनिटांहून जास्त. तेवढ्या वेळात मोटरीला पाचशेच्या घरात झटके बसतील. जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले त्याआधीच ट्रिप झाला तर ते नशीब म्हणायचं.

सी विंगच्या मुलीला हे दोन नियम ओळखीचे वाटले होते ते पंपामुळे नाही, तर जनुकांमुळे. स्टुअर्ट कॉफमन यांनी 1969 मध्ये जनुकांचं जाळं चालू-बंद दिव्यांसारखं मांडलं आणि सगळी जनुकं एकाच ठोक्याला बदलतात असं धरलं. त्या काळच्या संगणकावर ते सोयीचं होतं, आणि एका स्थितीनंतर एकच स्थिती येत असल्यामुळे अभ्यासालाही सोपं. ब्रुसेल्समधले रने थॉमस जीवाणूंना लागणाऱ्या लॅम्डा विषाणूवर काम करत होते. त्यांनी 1973 मध्ये वेगळी वाट धरली: पेशीत कुठलंही सामाईक घड्याळ नाही, प्रत्येक प्रथिन आपापल्या वेगाने तयार होतं आणि आपापल्या वेगाने विरतं, म्हणून एका वेळी एकच बदल धरावा.

थॉमस यांनी पुढे दोन नियम सुचवले. जाळ्यातल्या एखाद्या वळशात, म्हणजे फिरून स्वतःकडेच येणाऱ्या दुव्यांच्या साखळीत, 'नाही' म्हणणारे दुवे सम संख्येत असतील, तर तो धन वळसा. असा वळसा असल्याशिवाय एकाहून जास्त स्थिर स्थिती मिळत नाहीत. विषम असतील तर ऋण वळसा, आणि तो असल्याशिवाय टिकाऊ आंदोलन, म्हणजे सतत चालणारी उघडझाप, होत नाही. असिंक्रोनस बुलियन जाळ्यांसाठी हे नंतर गणिताने सिद्धही झालं. आमच्या मोटरींना हे लावून पाहा. क ख ला अडवतो, ख क ला अडवतो, 'नाही' दोन, म्हणजे धन वळसा. दोन स्थिर स्थिती अपेक्षित, त्या आहेतच. आंदोलन अपेक्षित नाही, तरी ते झालं, कारण वीज आल्यावर नेटवर्क सिंक्रोनस झालं होतं आणि तिथे थॉमस यांचा दुसरा नियम लागू पडत नाही. ऋण वळसा नसताना उघडझाप दिसली तर संशयाची सुई सरळ घड्याळाकडे वळवावी, हे मला या प्रकरणाने पक्कं करून दिलं.

याची उलट बाजू तीन घटकांत दिसते. क ख ला अडवतो, ख ग ला, ग क ला. 'नाही' तीन, म्हणजे ऋण वळसा. 2000 मध्ये एलोविट्झ आणि लाइबलर यांनी ई. कोलाय जीवाणूत अशीच रचना करून पेशीला लुकलुकायला लावलं होतं. सिंक्रोनस पद्धतीत आठ स्थितींची दोन चक्रं पडतात, एक सहा स्थितींचं आणि एक 000 व 111 यांच्यातलं. असिंक्रोनस केलं की दुसरं चक्र नाहीसं होतं आणि सहांचं टिकतं. हे टिकणारं आंदोलन रचनेतूनच आलेलं आहे. त्याच वर्षी गार्डनर, कँटर आणि कॉलिन्स यांनी ई. कोलायमध्ये एकमेकांना अडवणाऱ्या दोन जनुकांचा खटका बांधला. तो म्हणजे आमच्या पंपरूमचंच लॉजिक. पेशीत तो दोनपैकी एका स्थितीत जाऊन बसतो आणि तिथेच राहतो.

याचा अर्थ सिंक्रोनस मॉडेल टाकाऊ, असा मी काढणार नाही. 2004 मध्ये यीस्टच्या पेशीचक्राचं अकरा घटकांचं सिंक्रोनस मॉडेल मांडलं गेलं. त्याच्या 2048 स्थितींपैकी 1764 एकाच स्थिर स्थितीला जाऊन मिळतात, आणि ती पेशीच्या विसाव्याची स्थिती आहे. ती स्थिर असल्यामुळे पद्धत बदलली तरी तिचं स्थिरपण जात नाही. मात्र तिच्याकडे किती वाटा जातात आणि वाटेत टप्पे कोणत्या क्रमाने येतात, हे पद्धतीवर अवलंबून असतं. असिंक्रोनस मॉडेलही आंधळेपणाने घेण्यासारखं नाही. त्यात काही अशा वाटा दिसतात ज्या खऱ्या वेगांचा विचार केला तर कधीच घडणार नाहीत.

मोटरींच्या उपायाबद्दल मीटिंगमध्ये बरीच चर्चा झाली. ठेकेदाराने सुचवलं, ख ला सुरू व्हायला तीन सेकंद उशीर लावू. खर्च शून्य, आणि वीज आल्यावरची टक्कर टळते. पण क्रिस्टलच्या फरकाने फेऱ्या हळूहळू सरकत राहणार आणि केव्हातरी पुन्हा एकावर एक येणार. त्याच वेळी टाकीचा फ्लोट पडला की तेच. मुलीने सुचवलं, प्रत्येक फेरीआधी थोडी यादृच्छिक वाट पाहू. जुन्या इथरनेटमध्ये दोन संगणकांचे संदेश आपटले की याच तऱ्हेने वाट काढली जायची. हा उपाय चालला असता, पण पंपासाठी 'बहुतेक लवकर सुटेल' एवढ्यावर भागवणं मला पटलं नाही.

मी वळसाच तोडायला सांगितला. सम तारखेला पाळी क ची, विषम तारखेला ख ची. क चालू व्हावी, जर गरज असेल, आणि त्यासोबत तारीख सम तरी असेल किंवा ख बिघडलेली तरी असेल. ख चं याच्या उलट. दोघींपैकी कोणाचाच निर्णय आता दुसरी चालू आहे की नाही यावर अवलंबून नाही, फक्त फ्लोट, तारीख आणि ओव्हरलोडचा पॉइंट यांवर आहे. जाळ्यात वळसाच नसेल तर बाहेरून येणाऱ्या प्रत्येक परिस्थितीसाठी एकच स्थिर स्थिती असते, आणि सिंक्रोनस असो वा असिंक्रोनस, नेटवर्क तिथेच पोहोचतं. फ्रेंच गणितज्ञ फ्रांस्वा रोबेर यांनी हे सिद्ध करून ठेवलेलं आहे. दोन्ही मोटरी सारख्या झिजतील ही सोसायटीची इच्छाही त्यात भागली. एक गोष्ट मात्र गेली. जुन्या नियमाला आठवण होती, जी मोटर चालू आहे ती चालूच राहायची. नव्या नियमाला ती नाही. त्यामुळे मध्यरात्री तारीख बदलताना मोटर चालू असेल तर ती थांबून दुसरी लागते. दोन कार्डांच्या घड्याळांत थोडा फरक असेल तर तेवढा वेळ दोन्ही चालू किंवा दोन्ही बंद राहू शकतात. दोन्ही बंदचं काही बिघडत नाही. दोन्ही चालूसाठी एनसी पॉइंटचं जुनं इंटरलॉक तारेने परत टाकून घेतलं, शंभर-दोनशे रुपयांची वायर आणि तासाभराचं काम.

देखभालीच्या करारात एक चाचणी नव्याने लिहिली: वरची टाकी रिकामी करून मेन स्विच पाडायचा, मिनिटभराने वर करायचा, आणि दोन्ही कंट्रोलरना वीज एकाच क्षणी मिळाली असताना कोणती मोटर लागते ते पाहायचं. सम तारखेला एकदा, विषम तारखेला एकदा, आणि पाळीच्या मोटरीचा ओव्हरलोड हाताने ट्रिप करून आणखी एकदा.